हंट, ट्रॉय

ऑस्ट्रेलियन सायबरसुरक्षातज्ज्ञ आणि ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळाचे जनक. वास्तव्य क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे. सुरक्षाक्षेत्रातल्या कुठल्याही बड्या कंपनीचे पद पाठीशी नसताना या व्यवसायात स्वतःचे नाव कसे करता येते, याचा दाखला म्हणून हंट यांच्याकडे हमखास बोट दाखवले जाते.

फायझर या औषधकंपनीत ते सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होते; ही नोकरी २०१५ मध्ये संपली. मात्र २००९ पासूनच ते ब्लॉग लिहू लागले होते. अमुक संकेतस्थळ असुरक्षित आहे, एवढे म्हणून ते थांबत नसत. त्रुटी कशी ओळखायची हे स्क्रीनची चित्रे देऊन, पायरीपायरीने दाखवत. ब्रिटनमधील टेस्को ही दुकानसाखळी ग्राहकांना त्यांचा पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने पाठवते, हे त्यांनी २०१२ मध्ये मांडले आणि त्याची बरीच चर्चा झाली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अडोबी कंपनीची सुमारे १५ कोटी ३० लाख खाती फुटली. या घटनेनंतर ४ डिसेंबर २०१३ रोजी हंट यांनी ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ खुले केले. आपला ईमेल पत्ता टाकायचा. तो कुठल्या फुटलेल्या माहितीत सापडला, ते लगेच कळते. तेही फुकट.

खरी परीक्षा २०१५ मध्ये झाली. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या ॲश्ली मॅडिसन या संकेतस्थळाची ग्राहकयादी चव्हाट्यावर आली, तेव्हा हंट यांनी ती सार्वजनिक शोधात घेतली नाही. ज्याचा पत्ता, त्यालाच खातरजमा करून उत्तर मिळेल अशी सोय केली. शेजाऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव शोधायला आलेल्यांची निराशा झाली असेल, पण हंट यांची पत वाढली ती अशाच निर्णयांनी.

२०१७ मध्ये त्यांनी फुटलेल्या ३० कोटी ६० लाख पासवर्डांचा संग्रह तपासणीसाठी खुला केला. पण ‘माझा पासवर्ड फुटला का?’ हे विचारण्यासाठी तो परक्याला कसा सांगायचा? २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचे अभियंते जुनेद अली यांच्या योजनेने हा पेच सुटला. पासवर्डपासून गणिती पद्धतीने ४० अक्षर-अंकांचा ‘हॅश’ तयार होतो. त्यातले पहिले पाचच सर्व्हरकडे जातात. त्या पाचांनी सुरू होणारे शेकडो हॅश परत येतात आणि जुळणी वापरणाऱ्याच्याच संगणकावर होते. पासवर्ड कोणता, हे सर्व्हरला कळतच नाही.

एकट्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या या कामाचा भार पुढे एकट्याला पेलेना. जून २०१९ मध्ये हंट यांनी संकेतस्थळ विकण्याचा विचार जाहीर केला. बोलणी बरीच पुढे जाऊन फिसकटली आणि मार्च २०२० मध्ये विक्रीचा बेत रद्द झाला. पुढच्याच वर्षी पासवर्डसंग्रहाचा सोर्स कोड खुला झाला, शिवाय तपासात हाती लागलेले पासवर्ड अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेकडून थेट त्या संग्रहात यावेत अशी व्यवस्था ठरली.

मार्च २०२५ मध्ये हंट स्वतःच फसले. लंडनमध्ये, विमानप्रवासाचा शीण अंगावर असताना, मेलचिंप या वार्तापत्रे पाठवणाऱ्या सेवेच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलमधील दुव्यावर जाऊन त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही भरले. पासवर्ड मॅनेजरने त्या पानावर माहिती आपोआप भरली नव्हती. पान बनावट असल्याचा हा इशारा होता, पण तो निसटला. त्यांच्या वार्तापत्राच्या सुमारे १६ हजार आजी-माजी वाचकांचे पत्ते चोरीला गेले. कंपन्या अशी बातमी आठवडेच्या आठवडे दाबून ठेवतात; हंट यांनी तासाभराच्या आत ती स्वतः लिहून जाहीर केली आणि चोरीची नोंद आपल्याच संकेतस्थळावर घातली.

झोमॅटो, बिगबास्केट आणि डॉमिनोज इंडिया यांच्या फुटलेल्या माहितीच्याही नोंदी तिथे आहेत. या सेवा वापरलेल्या वाचकांनी आपला ईमेल पत्ता एकदा तपासून पाहावा आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल, तर तो आधी बदलावा.