अमेरिकेंतील यादवी युद्ध व इंग्लंडांतील लोकमत

इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें जें यादवी युद्ध झालें, त्यांत इंग्लंडनें तरवार उचलली नाहीं, ता. १३ मे १८६१ च्या राजघोषणेनें तटस्थता जाहीर केली. परंतु राज्य तटस्थ राहिलें म्हणून प्रजा तटस्थ राहिली असें नव्हे. उभय पक्षांनीं तेथील लोकमत वळविण्याची जी खटपट केली, तींतून इंग्रज राष्ट्र म्हणजे नेमके कोण, हा घरचाच प्रश्न पुढें आला. त्याचा येथें थोडक्यांत विचार कर्तव्य आहे.

दक्षिणेची सारी भिस्त कापसावर होती. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तेथूनच येई. तो थांबला कीं इंग्लंडास आपली बाजू घ्यावीच लागेल, असा तिचा हिशेब होता. मे १८६२ मध्यें हेन्री हॉट्झ यानें लंडनांत 'इंडेक्स' हें साप्ताहिक काढलें. लिव्हरपूलचा व्यापारी जेम्स स्पेन्स यानें फुटून निघण्याच्या हक्काचें ग्रंथरूपानें समर्थन केलें. गुलामगिरी हें युद्धाचें कारणच नव्हे, प्रश्न स्वातंत्र्याचा आहे, असें या पक्षाचें म्हणणें. इटलीच्या स्वातंत्र्याबद्दल आनंद मानणाऱ्या इंग्रजांपैकीं अनेकांस तें पटलें. ता. ७ ऑक्टोबर १८६२ रोजीं न्यूकॅसल येथें अर्थमंत्री ग्लॅडस्टन यानें दक्षिणेच्या पुढाऱ्यांनीं राष्ट्र निर्माण केलें, अशा आशयाचे उद्गार काढले.

त्याच हिवाळ्यांत लँकेशायरांत चार लाखांहून अधिक माणसें मदतीवर जगत होतीं. मुंबईहून येणारा 'सुरती' कापूस आंखूड धाग्याचा. त्यानें तूट पुरी भरेना. तरीहि ता. ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरच्या सभेनें गुलामांच्या मुक्ततेस पाठिंबा देणारें पत्र लिंकन यास धाडलें, व ता. १९ जानेवारी १८६३ रोजीं त्यानें कृतज्ञतापूर्वक उत्तर दिलें. जॉन ब्राइट याच्या मतें उत्तरेचा जय हा इंग्लंडांतील मताधिकारहीन श्रमजीव्यांचाहि जय होता.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मजूरवर्ग एकमुखानें उत्तरेचा होता, ही समजूत फार दिवस रूढ होती. मेरी एलिसन यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत लँकेशायरच्या अनेक गांवीं दक्षिणेस अनुकूल सभा झाल्याचें दाखविलें. मँचेस्टरचें पत्र खरें. तें साऱ्या लँकेशायरचें मत मानणें मात्र बरोबर नव्हे.

दक्षिणेस मान्यता द्यावी असा रोबक याचा ठराव जून १८६३ अखेर पार्लमेंटांत आला व जुलैंत परत घेतला गेला. पुढें ११ मे १८६४ रोजीं त्याच ग्लॅडस्टननें मताधिकार वाढविण्याचें समर्थन करितांना लँकेशायरच्या मजुरांच्या सहनशीलतेचा दाखला दिला, आणि १८६७ च्या कायद्यानें शहरांतील अनेक मजुरांस मत मिळालें. या कायद्यास इतरहि कारणें होतींच. तथापि परक्यांच्या युद्धावरील वादानें मजुरांची राष्ट्रांतील जागा कोणती, हें विचारावयास इंग्लंडास भाग पाडलें, एवढें निश्चित म्हणतां येईल.