लालबागचा ड्रमसेट : एका वाद्याच्या तीन जन्मतारखा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लालबागमधल्या एका चाळीत मला बोलावणं आलं. चाळ पुनर्विकासात गेली होती आणि महिन्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सत्तरीला आलेल्या एका गृहस्थांनी माळ्यावरून एक जुना ड्रमसेट खाली उतरवून ठेवला होता. त्यांचे वडील दिवसा गिरणीत आणि संध्याकाळी बँडमध्ये, पुढे ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत. जुनी वाद्यं जमवणारा एक ग्राहक चांगली रक्कम द्यायला तयार होता. त्याची अट एकच होती. सेट १९४२ चा आहे आणि ताजमहाल हॉटेलात वाजलेला आहे, असं कुणीतरी जाणकारानं लेखी द्यायला हवं.

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत तशीच होती. वडिलांना शिकवणारे गोव्याचे मास्तर धोबीतलावच्या कुडात राहत. युद्धाच्या काळात एका परदेशी वादकाकडून त्यांनी हा सेट घेतला आणि पुढे तो आपल्या शिष्याला दिला. "बाबा खोटं बोलायचे नाहीत," ते गृहस्थ म्हणाले. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

ही हकिकत उडवून लावण्यासारखी मुळीच नव्हती. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमध्ये आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे तिथे वाजवून गेले. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. गोव्यातल्या एकेका गावाचा मुंबईत एकेक कुड असे. काम शोधत आलेला वादक आधी तिथेच पथारी टाकी. धोबीतलावच्या कुडापासून लालबागच्या चाळीपर्यंत वाद्य येण्याची वाट अशी अगदी सरळ होती. पण वाट होती म्हणून वाद्य त्याच वाटेनं आलं, असं होत नाही. ते वाद्यालाच विचारावं लागतं.

जुन्या ड्रमवर बनावटीचं साल क्वचितच असतं. लडविग या अमेरिकी कंपनीनं आपल्या ड्रमना अनुक्रमांक द्यायला सुरुवात केली तीसुद्धा १९६३ च्या सुमारास. त्यामुळे आधी दोन कुंपणं घालायची असतात. कोणत्या सालाच्या आधी ही वस्तू असूच शकत नाही आणि कोणत्या सालानंतर ती बनलीच नसती, हे ठरवायचं. बॅज, लाकूड, मापं, स्क्रू, पान, प्रत्येकाचं कुंपण वेगळं. सगळी जिथे एकमेकांवर पडतात, तो काळ खरा.

मी मोठ्या ड्रमपासून सुरुवात केली. बॅज इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा होता. ही कंपनी १९२२ साली लंडनमध्ये निघाली आणि युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर लेस्टरकडे गेली. ड्रमचा व्यास २० इंच भरला, खोली १७. ही १७ इंचांची खोली प्रीमियरची ओळखीची खूण आहे. अमेरिकी ड्रम त्या व्यासाला बहुधा १४ इंच खोल असत. पण माझं लक्ष व्यासानं वेधलं. तीस-चाळीसच्या दशकांतल्या नाचघरांच्या मोठ्या वाद्यवृंदांत २६ किंवा २८ इंचांचा ड्रम असे. २० इंचांचा ड्रम रूढ झाला तो पन्नाशीच्या दशकात, वाद्यवृंद चार-पाच जणांवर आले तेव्हा. पहिलं कुंपण तिथे पडलं.

दुसरं कुंपण पानानं घातलं. छोट्या ड्रमवर बसवून बघायला मी १२ इंचांचं नवं पान नेलं होतं. ते शेलवर बसेचना, काही मिलिमीटरनं अडत होतं. ब्रिटिश ड्रमची मापं पूर्वी अमेरिकी मापांपेक्षा किंचित वेगळी असत. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आंतरराष्ट्रीय माप स्वीकारलं. म्हणजे मोठा आणि छोटा ड्रम पन्नाशीच्या मध्यापासून १९६८ च्या आसपासपर्यंतचे. दोन्हींचं मोतिया आवरण एकाच रंगाचं होतं. लग काढल्यावर खाली मूळचा गडद निळा रंग दिसला. उघड्यावर तो हिरवट पिवळा पडला होता. दोघांची जोडी मूळचीच. १९४२ मात्र त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. मी स्नेअर हातात घेतला. त्याच्या बॅजवर 'डब्ल्यू. एफ. एल.' अशी अक्षरं होती आणि मी ती दोनदा वाचली.

या तीन अक्षरांमागे एक गोष्ट आहे. शिकागोच्या विल्यम एफ. लडविगनं आपली कंपनी १९२९-३० च्या सुमारास कॉन या वाद्यकंपनीला विकली आणि काही वर्षांनी तिथून बाहेर पडून १९३७ मध्ये नवा कारखाना काढला. पण 'लडविग' हे नाव विकलं गेलेलं असल्यामुळे त्याला स्वतःच्याच ड्रमवर स्वतःचं नाव घालता येईना. म्हणून नुसती आद्याक्षरं. १९५५ साली त्यानं नाव परत विकत घेतलं आणि काही वर्षांत बॅजही बदलला. शिवाय १९४२ नंतर युद्धामुळे अमेरिकेत वाद्यांत दहा टक्क्यांपेक्षा अधिक धातू वापरायला बंदी आली, तेव्हा पान ताणण्याचे लगसुद्धा लाकडाचे केले जात. आमच्या स्नेअरचे लग धातूचे आणि मूळचेच होते. म्हणजे तो १९३७ ते १९४२ मधला, नाहीतर युद्धानंतरचा. मास्तरांची हकिकत या एका ड्रमपुरती खरी असायला पूर्ण जागा होती. सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. स्नेअरची गोष्ट हळूहळू सगळ्या सेटची झाली होती.

मुंबईतले जुने सेट असे तुकड्या-तुकड्यांचेच सापडतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतली नाचगाणी ओसरली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या संगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. त्यातला नायक भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र बर्जोर यांच्यासारखे पारशी तालवादक याच काळात स्टुडिओंत नावाजले. ड्रमसेट ताजमधून निघून दादर-परळच्या मेळ्यांत, लग्नांत, गणपतीत आला तो या वाटेनं. मात्र १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि नवा विलायती सेट आणणं सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेलं. मग कुणाचा स्नेअर, कुणाचा बास, मेरठच्या जळी कोठीत बनलेला एखादा सुटा भाग, गिरगावातल्या लेथवर कातलेला पाय, असं जमवत जायचं.

आमच्या सेटमध्येही ते सगळं होतं. बासचा एक पाय मूळचा, दुसरा लोखंडी सळईचा. छोट्या ड्रमच्या खालच्या बाजूला अजून चामड्याचं पान होतं, वरच्या बाजूला प्लास्टिकचं. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची पानं बाजारात आली. ऐन पावसात गणपती येणाऱ्या या शहरात तो मोठाच दिलासा ठरला असणार, कारण दमट हवेत चामडं सैल पडतं आणि ताल बसकट होतो.

शेवटी मी बासचं पुढचं पान काढलं. आत शेलला एक लांब चीर गेली होती. कुणीतरी सरसानं लाकडाची पट्टी बसवली होती आणि तिच्यावर मराठी वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. टॉर्चच्या उजेडात अर्धवट मथळा दिसला : गिरणी संपाची बातमी, साल १९८२.

ते गृहस्थ वाकून बराच वेळ बघत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. घरातला पगार बंद झाला. "त्या वर्षी बाबा मिळेल त्या लग्नात वाजवायचे," ते म्हणाले. "पालघरपर्यंत जायचे. पहाटे यायचे तेव्हा आई जागी असायची. तेव्हाच कधीतरी हा फुटला असेल. नवा कुठून आणणार?" बाबा ताजच्या गोष्टी सगळ्यांना सांगत. त्या वर्षाबद्दल मात्र कधी बोलले नाहीत, असंही ते म्हणाले.

मी लेखी दिलं ते असं : स्नेअर अमेरिकी, १९३७ ते पन्नाशीचं दशक, बास आणि छोटा ड्रम इंग्लिश, पन्नाशीचा मध्य ते सुमारे १९६८, बासची दुरुस्ती मुंबईत, १९८२ मध्ये किंवा त्यानंतर लवकरच. ताजचा उल्लेख मी 'कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत' एवढाच केला, तोही स्नेअरपुरता. कागद देताना मी त्यांना सांगितलं, की यानं किंमत कमी होईल.

ती झालीच. ग्राहकानं पूर्ण सेटची बोली मागे घेतली आणि स्नेअर तेवढा मागितला. गृहस्थांनी तो माझ्या टिपणाची प्रत जोडून दिला. छोटा ड्रम मंडळातल्या मुलांकडे गेला. बासबद्दल नंतर एका भंगारवाल्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. दिवाळीआधी मी त्यांच्या तात्पुरत्या खोलीवर गेलो होतो. खोली लहान आहे, माळा त्याहून लहान. बास तिथे चादरीत गुंडाळून ठेवला आहे, चिकटवलेल्या कागदाची बाजू भिंतीकडे करून, म्हणजे उजेड लागून शाई उडू नये.