डांबराखालचे रूळ

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे. आरंभी तिकीटही देत नसत! उन्हापासून रक्षणासाठी घोड्यांना टोप्या घालत. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली. पुढे बस आणि मोटारींपुढे ती अडचण ठरली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे अखेरची ट्राम निघाली.

कोलकात्याने ट्राम राखली. मुंबईने मात्र घाई केली. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात आता प्रतिकृती पाहाव्या लागतात. सगळे रूळही उखडले नव्हते, काहींवर केवळ डांबर पडले होते. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या खोदकामात ते पुन्हा उघडे पडले.