धुराचें मोल आणि मतांची मोजणी

ता. १ डिसेंबर २००९ रोजीं सकाळीं ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील संसद-भवनाच्या एका बंद दालनांत लिबरल पक्षाचे सभासद आपला पुढारी निवडण्यासाठीं जमले होते. अखेरच्या फेरीच्या मतपत्रिका मोजल्या गेल्या, तेव्हां टोनी ॲबट यांना ४२ व माल्कम टर्नबुल यांना ४१ मतें पडलीं. एक मतपत्रिका बाद ठरली. वरवर पाहतां हा एका विरोधी पक्षाचा घरगुती मामला. परंतु त्या एका मतानें दुसऱ्याच दिवशीं एका महत्त्वाच्या विधेयकाचा निकाल लावला, आणि पुढील दहा वर्षें त्या देशाच्या पंतप्रधानांच्या भवितव्यावर त्याची छाया पडत राहिली. तें विधेयक धुराची किंमत ठरविण्याचें होतें. त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

धूर हा शब्द मी केवळ सोयीसाठीं वापरीत आहें. कोळसा किंवा तेल जळलें म्हणजे जो कार्बन डायऑक्साइड वायु निघतो, तो डोळ्यांना दिसत नाहीं व नाकाला कळत नाहीं; पण तो वातावरणांत सांचत जातो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. गिरणीचा मालक कापसाचे दाम देतो, मजुरी देतो, यंत्राच्या तेलाचेहि पैसे मोजतो. परंतु त्याचें धुरांडें आकाशांत जें सोडतें त्याबद्दल तो कोणालाच कांहीं देत नाहीं. तो खर्च नाहींसा होतो असें मात्र नव्हे. तो दुसऱ्याच्या, आणि बहुधा अद्याप जन्मासहि न आलेल्या माणसाच्या, खातीं मांडला जातो.

हा हिशेब मालकाच्या वहींत आणण्याचे दोन मार्ग अर्थशास्त्रज्ञ सांगतात. एक सरळ कराचा. दुसरा परवान्यांच्या व्यापाराचा. दुसऱ्या मार्गांत सरकार सबंध देशासाठीं वायूची एक मर्यादा ठरवितें आणि तितक्याच टनांचे परवाने काढतें. आतां दोन कारखाने आहेत अशी कल्पना करा. पहिल्याला एक टन वायु कमी करण्यास दहा रुपये पडतात, दुसऱ्याला चाळीस. पहिल्यानें एक टन जास्त कमी केला आणि आपला उरलेला परवाना दुसऱ्याला पंचवीस रुपयांस विकला, तर दोघांचाहि पंधरा रुपयांचा फायदा होतो आणि देशाची मर्यादा जशीच्या तशी राहते. युक्ति साधी आहे. पण मर्यादा कोणीं व किती ठरवावयाची, आणि सुरुवातीस कोणाला परवाने फुकट द्यावयाचे, हे प्रश्न बाजार सोडवीत नाहीं. ते संसदेलाच सोडवावे लागतात.

ऑस्ट्रेलियाला हा प्रश्न विशेष जड जाणार हें उघड होतें. त्या काळीं तेथील बहुतेक वीज कोळशावर तयार होत असे, आणि कोळसा हा त्या देशाच्या निर्यातीचा एक मोठा आधार आहे. आपल्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोळसाहि बराचसा तेथूनच येतो. तरीहि २००७ सालच्या निवडणुकींत एक आश्चर्य घडलें. क्योटो येथील १९९७ च्या करारास मान्यता देण्याचें नाकारणारे लिबरल पंतप्रधान जॉन हॉवर्ड आणि त्यांचे मजूरपक्षीय प्रतिस्पर्धी केव्हिन रड या दोघांनींहि परवान्यांच्या व्यापाराची योजना आणण्याचें अभिवचन दिलें होतें. निवडणूक रड यांनीं जिंकली, व ३ डिसेंबर २००७ रोजीं अधिकारावर येतांच त्यांनीं क्योटो कराराच्या मान्यतापत्रावर सही केली. हवामानाचा प्रश्न हें आपल्या पिढीपुढील मोठें नैतिक आव्हान आहे, असें ते म्हणत. दोनहि पक्ष तत्त्वतः एकमत, लोकमत अनुकूल! यापेक्षां चांगला मुहूर्त कोणता असावा?

परंतु संसदेंत तत्त्वावर मतें पडत नाहींत, तपशिलावर पडतात. ७६ जणांच्या सीनेटमध्यें रड यांच्या मजूर पक्षाचे ३२ च सभासद होते. विधेयकाचें किमान उद्दिष्ट, २००० सालच्या मानानें २०२० पर्यंत पांच टक्के घट, हें होतें. इतर देशांनींहि पुरेसा भार उचलल्यास तें वाढवावयाचें होतें. १३ ऑगस्ट २००९ रोजीं सीनेटनें तें ३० विरुद्ध ४२ मतांनीं फेटाळलें. मग तडजोडीची बोलणीं सुरू झालीं. मंत्री पेनी वाँग आणि लिबरल पक्षातर्फें इयन मॅकफर्लेन यांनीं नोव्हेंबरांत एक मसुदा जुळविला. त्यांत कारखानदारांस जास्त भरपाई देऊं केली होती आणि शेती योजनेबाहेर ठेवली होती. टर्नबुल यांनीं या तडजोडीला आपली प्रतिष्ठा बांधली, आणि आरंभीं सांगितलेल्या त्या एका मतानें ती गेली.

२ डिसेंबरला सीनेटमध्यें पुन्हां मतें घेण्यांत आलीं : बाजूनें ३३, विरुद्ध ४१. ज्युडिथ ट्रोथ व सू बॉइस या दोन लिबरल स्त्रीसभासदांनीं पक्षाची शिस्त मोडून विधेयकाच्या बाजूनें मत दिलें. उलट, हवामानाच्या प्रश्नासाठींच ज्याची ख्याति होती त्या हरित पक्षाच्या पांचहि सभासदांनीं विरुद्ध मत दिलें. ते पांचजण या बाजूस येते तर आंकडे ३८ विरुद्ध ३६ झाले असते.

या पांच मतांविषयीं तेथें अजूनहि वाद चालतो. पांच टक्क्यांचें उद्दिष्ट शास्त्राच्या दृष्टीनें क्षुल्लक आहे, प्रदूषण करणारालाच पैसे वांटून हा कायदा देशाला अनेक वर्षें अपुऱ्या मार्गाला जखडून ठेवील, असें हरित पक्षाचें म्हणणें होतें. आणि रड यांनीं आपल्याशीं मनापासून वाटाघाटी केल्याच नाहींत, अशी त्यांची तक्रार होती. यांतील एकहि आक्षेप पोकळ नव्हता. मजूर पक्षाचें उत्तर असें कीं, अपुरा कायदा पुढें सुधारतां येतो. नसलेला कायदा सुधारणार कसा? ज्यांना फार झालें असें वाटत होतें आणि ज्यांना फार थोडें असें वाटत होतें, ते दोघे एकाच बाजूला बसले, आणि विधेयक मधल्यामधें बुडालें.

दोषाचा वांटा रड यांच्याहि पदरीं येतो. सीनेटनें दोनदां फेटाळलेल्या विधेयकासाठीं दोनहि सभागृहें विसर्जित करून लोकांकडे जाण्याची मुभा तेथील राज्यघटना देते. रड यांनीं ती वापरली नाहीं. उलट, फेब्रुवारी २०१० मध्यें विधेयक तिसऱ्यांदा आलें, तेव्हां पुढारीपण गमावलेले टर्नबुल प्रतिनिधिसभेंत उठून त्याच्या बाजूनें बोलले व स्वपक्ष सोडून मत देण्यास पलीकडे जाऊन बसले. आणि दोनच महिन्यांनीं रड यांनीं ती योजना लांबणीवर टाकली. ज्या प्रश्नाला नैतिक म्हटलें तो असा बाजूस ठेवलेला लोकांना रुचला नाहीं. जूनमध्यें त्यांच्याच पक्षानें ज्युलिया गिलार्ड यांना पंतप्रधान केलें.

गिलार्डबाईंनीं जें साधलें त्याची कहाणीहि अशीच. आपल्या सरकारांत कार्बनवर कर बसणार नाहीं, असें त्यांनीं २०१० च्या निवडणुकीपूर्वीं सांगितलें होतें. पण बहुमत कोणालाच मिळालें नाहीं. एक हरित व तीन अपक्ष सभासदांच्या आधारावर त्यांचें सरकार उभें राहिलें, आणि त्यांतून नवा कायदा निघाला. प्रतिनिधिसभेनें तो १२ ऑक्टोबर २०११ रोजीं ७२ विरुद्ध ७४ मतांनीं मंजूर केला. १ जुलै २०१२ पासून टनामागें २३ डॉलर किंमत ठरली. तीन वर्षांनीं ती बाजारावर सोडावयाची होती. गरीब घरांस तोशीस लागूं नये म्हणून प्राप्तिकराच्या माफीची मर्यादा ६,००० डॉलरांवरून १८,२०० वर नेली. कायदा सुरू झाला, देश बुडाला नाहीं, आणि वीजनिर्मितींतील वायूचें प्रमाणहि घटलें. परंतु दिलेला शब्द मोडल्याचा ठपका गेला नाहीं. सप्टेंबर २०१३ मध्यें हा कर रद्द करण्याच्या वचनावर ॲबट निवडून आले, आणि १७ जुलै २०१४ रोजीं सीनेटनें ३९ विरुद्ध ३२ मतांनीं तो कायदा रद्द केला. पुढें टर्नबुल स्वतः पंतप्रधान झाले. तेहि २०१८ च्या ऑगस्टांत, वीज आणि वायूची मर्यादा यांवरून पक्षांत वाद पेटला असतां, पायउतार झाले.

आतां या साऱ्या मोजणींत जो मोजला गेला नाहीं त्याकडे वळूं. व्हिक्टोरिया प्रांतांत लॅट्रोब खोऱ्यांत हेझलवुड नांवाचें विजेचें जुनें केंद्र होतें. तपकिरी कोळशावर चालणारें तें केंद्र मार्च २०१७ मध्यें बंद पडलें. मालकांनीं तशी सूचना नोव्हेंबर २०१६ मध्यें दिली होती; म्हणजे कामगारांना व त्या गांवांना मिळाले अवघे पांच महिने. तेव्हां कार्बनवर कर नव्हता. तो जाऊन अडीच वर्षें लोटलीं होतीं. कायदा रद्द झाला म्हणून जुनें यंत्र तरुण होत नाहीं. धुराची किंमत पायरीपायरीनें वाढत राहिली असती, तर त्या खोऱ्यांतील माणसाला मुलाच्या शिक्षणाचा, घराच्या कर्जाचा, दुसऱ्या धंद्याचा विचार दहा वर्षें आधीं करतां आला असता. लांबणीवर टाकलेला प्रश्न थांबून राहत नाहीं. तो शेवटीं ज्याच्या दारीं यावयाचा त्याच्या दारीं येतो, आणि पूर्वसूचना न देतां येतो.

मला वाटतें, या इतिहासाचें मर्म येथें आहे. ज्या कायद्याचें फळ तीस-चाळीस वर्षांनीं यावयाचें, त्याला दोनचार मतांचें आधिक्य पुरत नाहीं. त्याला आजच्या विरोधकाचीहि इतकी संमति लागते कीं, तो उद्यां अधिकारावर आला तरी पायाचा दगड काढणार नाहीं. अशी संमति मिळविण्यासाठीं दोघांनाहि कांहीं सोडावें लागतें. नोव्हेंबर २००९ मध्यें ती आठवडाभर हातांत आली होती.

ऑस्ट्रेलियानें २०२२ सालीं नवा कायदा करून २००५ च्या मानानें २०३० पर्यंत ४३ टक्के घटीचें उद्दिष्ट ठरविलें. आणि २०२३ मध्यें मोठ्या कारखान्यांवर दरवर्षीं ४.९ टक्क्यांनीं उतरणारी मर्यादा घातली. ती ओलांडणारानें दुसऱ्याकडून हक्क विकत घ्यावयाचे. तोच व्यापार, नांव निराळें. आणि या वेळीं हरित पक्षानें आपलीं मतें बाजूनें टाकलीं. मधलीं तेरा वर्षें मात्र परत आलीं नाहींत.

आपल्या संसदेनेंहि २०२२ मध्यें ऊर्जासंवर्धनाच्या कायद्यांत दुरुस्ती करून कार्बनच्या व्यापाराला वाट करून दिली आहे, आणि २०२३ मध्यें त्याची योजना जाहीर झाली. तिचे तपशील ठरतांना आपल्याकडेहि वाद होतील, व्हावेतच. तेव्हां सभागृहांतील मतें मोजणारांनीं लॅट्रोब खोऱ्यांतील त्या पांच महिन्यांची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी श्रोत्यांची रजा घेतों.