शैवल-बहर नियंत्रण, सरोवरांतील

तळी, सरोवरे व संथ जलाशय यांत सूक्ष्म शैवलांची अल्पावधीत बेसुमार वाढ होऊन पाणी हिरवे वा निळसर-हिरवे दिसू लागते आणि पुष्कळदा पृष्ठभागावर साय धरते. या अवस्थेस शैवल-बहर म्हणतात. गोड्या पाण्यातील अपायकारक बहर बहुधा नील-हरित शैवलांचे असतात. आधुनिक वर्गीकरणानुसार ही शैवले नसून सूक्ष्मजंतू होत. तथापि जुने नाव रूढ आहे. त्यांच्या काही जाती यकृतास वा तंत्रिका तंत्रास बाधक अशी विषे निर्माण करतात. बहर ओसरल्यावर मृत शैवले कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्ची पडतो व मासे गुदमरून मरतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे बहर आलेले पाणी प्यायल्याने मेंढ्या, घोडे इ. जनावरे दगावल्याचे वृत्त जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बहराच्या विषारीपणाची ही आद्य शास्त्रीय नोंद मानली जाते.

प्रारंभीचे उपाय शैवले मारण्याचे होते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर व केलरमन यांनी १९०४ मध्ये मोरचुदाची अत्यल्प मात्रा शैवलनाशक ठरते असे दाखविले. मोरचुदाच्या गोण्या नावेमागे पाण्यातून ओढीत नेण्याची सोपी व स्वस्त पद्धत त्यानंतर रूढ झाली. तिचे दोष कालांतराने उघड झाले. तांबे तळगाळात साचते; पोषक द्रव्ये पाण्यातच राहिल्याने बहर पुन्हा येतो; शिवाय मेलेल्या कोशिका फुटून त्यांतील विष पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील पाम बेटावर १९७९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या धरणात मोरचूद टाकल्यानंतर काही दिवसांतच १४८ जण यकृत व आतडी यांच्या विकाराने आजारी पडले. त्यांत बहुसंख्य मुले होती.

बहराचे मूळ कारण हाताळल्यास काय साधते, हे अमेरिकेतील सीॲटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराने दाखविले. १९४० नंतर त्याच्या काठी वस्ती झपाट्याने वाढली व अनेक प्रक्रिया केंद्रांचे सांडपाणी सरोवरात येऊ लागले. प्रक्रियेने त्यातील बराचसा सेंद्रिय मळ निघून जाई. फॉस्फरस मात्र पुष्कळसा तसाच राही. १९५५ मध्ये ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स हे नील-हरित शैवल तेथे आढळले. यूरोपातील काही सरोवरांच्या ऱ्हासात हेच शैवल पूर्वी दिसले होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्यावरून पुढील ऱ्हासाचे भाकीत केले व सांडपाणी रोखल्यास सरोवर सुधारेल असेही प्रतिपादिले. त्यासाठी प्रादेशिक संस्था स्थापण्याचा प्रस्ताव मतदारांनी मार्च १९५८ मध्ये फेटाळला, तर सप्टेंबरमध्ये सुधारित स्वरूपात स्वीकारला. १९६३–६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने प्यूजिट साउंड या समुद्राच्या आखाताकडे वळविण्यात आले. १९६३ च्या उन्हाळ्यात सु. १ मी. खोलीपर्यंतच दिसणारी पांढरी तबकडी १९७१ पर्यंत सु. ३ मी. पर्यंत दिसू लागली.

फॉस्फरसच निर्णायक आहे काय, हा वाद तरीही चालू होता. प्रक्षालकांच्या उत्पादकांचे हितसंबंध त्यात गुंतले होते. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीस फॉस्फरस टाकला. दुसराच भाग हिरवागार झाला. वरून घेतलेल्या त्याच्या छायाचित्राने धोरणकर्त्यांवर मोठा प्रभाव पाडला. नायट्रोजनच्या महत्त्वाविषयी मतभेद मात्र अद्याप आहेत.

ईअरी सरोवराचा इतिहास या यशाची मर्यादा दाखवितो. बहरांमुळे १९६० च्या दशकात ते ‘मृत’ म्हणून गणले जाई. अमेरिका व कॅनडा यांनी १९७२ मध्ये जलगुणवत्तेचा करार केला. प्रक्षालकांतील फॉस्फेट घटविण्यात आले, सांडपाण्यातून फॉस्फरस काढला जाऊ लागला आणि १९८० च्या दशकात सरोवर बरेच निवळले. पुढे १९९० च्या दशकापासून बहर परतले. या वेळी फॉस्फरस मुख्यत्वे मॉमी नदीच्या खोऱ्यातील खतावलेल्या शेतांतून, विद्राव्य रूपात येत होता. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडो शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टीन हे विष आढळल्याने सु. ५ लाख लोकांना ते पिण्यास मनाई करण्यात आली. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. उभय देशांनी २०१६ मध्ये सरोवराच्या पश्चिम भागात वसंत ऋतूत येणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४०% घटविण्याचे उद्दिष्ट ठरविले.

तुरटीवर्गीय क्षारांनी तळगाळातील फॉस्फरस बांधणे, खोल पाण्यात हवा सोडणे, गाळ काढणे हे उपाय लहान तळ्यांत उपयुक्त ठरतात. परंतु पाणलोट क्षेत्रातून फॉस्फरस येतच राहिल्यास त्यांचा परिणाम टिकत नाही. खतांची मात्रा माती-परीक्षणानुसार बेतणे, खत पेरणीच्या वेळी जमिनीत खोल देणे, शेणखताचा निचरा रोखणे, काठांवर गवताचे पट्टे व पाणथळ जागा राखणे हे त्यावरील प्रतिबंधक उपाय होत. वॉशिंग्टन सरोवरात सांडपाण्याची मुखे मोजकी व ज्ञात असल्याने एका संस्थेस ती वळविता आली. ईअरीच्या बाबतीत हजारो शेतकऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात बदल घडविणे आवश्यक असल्याने हे कार्य अधिक कठीण आहे.