शिफारस कोण करतो? देवळालीच्या ६१७४ पासून यूट्यूबपर्यंत

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. फक्त चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तीच कृती: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी उत्तर ६१७४च येते. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम हाच.

ही गंमत शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूचे. त्यांचा जन्म १९०५ चा, आणि १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातील जागा नाही. कित्येक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. आपल्याकडच्या गणितज्ञांपैकी अनेकांना हे काम म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ वाटे.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले. गार्डनर स्वतः व्यावसायिक गणितज्ञ नव्हते. तरीही त्यांच्या सदरावर जगभरच्या वाचकांचा विश्वास होता, कारण एखादी गोष्ट का वाचावी हे ते करून दाखवत. वाचक कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि ६१७४ पर्यंत स्वतः पोहोचे. देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले ते या एका शिफारशीमुळे.

पुढे २०११ च्या नोव्हेंबरात ‘नंबरफाइल’ ही यूट्यूब वाहिनी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या व्हिडिओंपैकी एकाचा विषय ६१७४ हाच होता. तपकिरी कागद, जाड मार्कर आणि समोरासमोर केलेली वजाबाकी: रीत गार्डनरचीच, फक्त माध्यम बदललेले. ऑनलाइन व्हिडिओंच्या दुनियेत ‘हे पाहाच’ असे सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कोणाकडे गेला, हा या धाग्याचा विषय.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. संस्थापकांपैकी एक जावेद करीम सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून १९ सेकंद बोलतात. सुरुवातीच्या वर्षांत मुखपृष्ठावर ‘निवडक व्हिडिओ’ असा एक कप्पा असे आणि त्यातली निवड कंपनीतील माणसे करीत. म्हणजे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखाच कारभार होता. कोणीतरी व्हिडिओ पाहिला, त्याला तो आवडला आणि त्याने तो वर ठेवला.

या काळातील दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. पहिले पीटर ओकली यांचे. ऑगस्ट २००६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षात असताना, या इंग्रज आजोबांनी संगणकासमोर बसून आपल्या आयुष्याविषयी बोलायला सुरुवात केली. खात्याचे नाव होते ‘जेरियाट्रिक१९२७’. पहिला शब्द वार्धक्याचा आणि आकडा जन्मसालाचा. पहिल्याच व्हिडिओत ते चाचपडत बोलतात. पुढे बालपण, युद्धकाळ, तरुणपण असे एकेक प्रकरण उलगडत जाते. काही दिवसांतच ते संपूर्ण यूट्यूबवर सर्वाधिक सदस्य असलेले निर्माते ठरले. तरुणांचे म्हणून ओळखले जाणारे माध्यम एका पेन्शनरच्या आठवणी ऐकत बसले होते! ओकली २०१४ मध्ये वारले. मौखिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने ही मालिका मुद्दाम पाहावी. समोर प्रश्न विचारणारा नसला की आठवण कशी चालते, कुठे अडते आणि कुठे स्वतःला दुरुस्त करते, हे तिच्यात दिसते.

दुसरे उदाहरण जॉन आणि हँक ग्रीन या अमेरिकन भावांचे. १ जानेवारी २००७ पासून वर्षभर एकमेकांना लिहायचे नाही, बोलायचे ते व्हिडिओतूनच, असे त्यांनी ठरवले. सहा महिने उलटले तरी प्रेक्षक मोजकेच होते. जुलैत हॅरी पॉटरचे शेवटचे पुस्तक यायच्या तोंडावर हँक यांनी त्याविषयी एक गाणे रचले, आणि ते मुखपृष्ठावर निवडले गेले. तिथून त्यांचे नशीब पालटले. पाच वर्षांनी याच भावांनी ‘क्रॅश कोर्स’ सुरू केला. त्यातील जागतिक इतिहासाची मालिका आजही नवख्या विद्यार्थ्याला बिनदिक्कत सुचवावी अशी आहे. वेग मात्र अंमळ जास्त आहे. दोनदा पाहावी लागते.

माणसांनी केलेली ही निवड निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. निवडणारे मूठभर, इंग्रजी बोलणारे, एकाच देशातले. मराठीतला व्हिडिओ त्यांच्या नजरेला पडणार कसा? शिवाय व्हिडिओंचा पूर इतका वाढला की मुखपृष्ठ हाताने सजवणे हळूहळू अशक्य झाले. मग प्रेक्षकांकडून पाच तारे मागून पाहिले. पण २००९ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की बहुतेक मते पाच ताऱ्यांची असतात. ज्याला आवडले तोच मत देई. पुढच्या वर्षी तारे गेले आणि अंगठा आला.

खरे वळण २०१२ चे. तोवर किती जणांनी व्हिडिओ उघडला याला वजन होते. त्यामुळे भडक चित्र आणि फसवे शीर्षक यांचे पीक आले होते. आता किती वेळ पाहिला हे मोजले जाऊ लागले. दिवसाला १०० कोटी तासांचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि ते काही वर्षांत गाठलेही. २०१८ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले की पाहण्याच्या एकूण वेळापैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने केलेल्या शिफारशींतून येतो. गार्डनरची जागा गणिताने घेतली, असे म्हणता येईल. पण हे गणित ‘का’ सांगत नाही.

त्याच यंत्राने मराठीला मोठा हात दिला, हेही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावच्या फोनवर व्हिडिओ चालू लागले. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृती दाखवायला सुरुवात केली होती. पुढे त्यांची मराठी वाहिनी घराघरांत पोहोचली. ‘भाडिपा’ २०१६ चीच. तिच्यातले आई-मुलाचे संवाद उद्या कोणी शहरी मराठी बोलीचा अभ्यास करील तेव्हा साधन म्हणून वापरले जातील, इतके ते कानाने टिपलेले आहेत. कोणत्याही संपादकाने या दोघांना मुखपृष्ठावर बसवले नव्हते.

रसायनशास्त्राची गोडी असलेल्यांनी ‘पीरिऑडिक व्हिडिओज’ पाहावी. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ आणि पत्रकार ब्रॅडी हॅरन यांनी २००८ मध्ये प्रत्येक मूलद्रव्यावर एक व्हिडिओ करायला घेतला, आणि नंतर जुने अपुरे वाटले तसे नवे केले. ‘नंबरफाइल’ही याच हॅरन यांची.

शेवटचे नाव ऑस्ट्रेलियातील जॉन प्लांट यांच्या ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’चे. वाहिनी २०१५ ची. अंगावर फक्त अर्धी चड्डी; हातात लोखंडाचे एकही हत्यार नाही. दगडाची कुऱ्हाड, मातीची कौले, भट्टी, भाता. संगीत नाही, निवेदन नाही. तिला लोकप्रियता लाभताच नकलांचा सुळसुळाट झाला. यंत्राने खड्डे खोदून, हाताने पोहण्याचा तलाव बांधल्याचा बहाणा करणारे व्हिडिओ मूळ वाहिनीच्या शेजारीच सुचवले जाऊ लागले. पाहण्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच मोजला जातो. फरक ओळखायचा तर प्लांट यांच्या व्हिडिओतील उपशीर्षके सुरू करावीत. हा माणूस एक शब्दही बोलत नाही, पण कोणती माती, किती वेळ भाजली, कुठे तडा गेला हे सारे तिथे लिहून ठेवतो. अनेक प्रेक्षकांना ही टिपणे आहेत हेच ठाऊक नसते.