फेकून देता येणारा पत्ता

मंडळी, पोस्ट लांब आहे. कर्जत लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाचा.

गेल्या मे महिन्यात आपल्याकडेच एका प्लॉटच्या प्रदर्शनात शिरलो. खरं सांगायचं तर उन्हात सरबत मिळतंय म्हणून. दारातच वही : नाव, मोबाईल, ईमेल. लिहून टाकलं. सरबत पाच मिनिटांत संपलं, पण त्या वहीतला माझा ईमेल अजून संपायला तयार नाही. आधी प्लॉट, मग कर्ज, मग विमा, आता गुडघेदुखीचं तेल. माझे गुडघे दुखतात हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

भाची म्हणाली, "मामा, अशा ठिकाणी खरा ईमेल द्यायचाच नाही. तात्पुरता द्यायचा, काम झालं की टाकून द्यायचा." मला वाटलं, काय ही आजकालची पोरं. रात्री आडवा झाल्यावर आठवलं, हे तर आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी झालंय.

ताईच्या लग्नासाठी बाबांनी पेपरात छोटी जाहिरात दिली होती. खाली नाव नाही, गाव नाही. फक्त "लिहा : बॉक्स नंबर अमुक", आणि पुढे पेपरच्या कचेरीचा पत्ता. पत्रं कचेरीत जमायची, तिथून एका पाकिटात आमच्याकडे यायची. लिहिणाऱ्याला आमचं आडनावही माहीत नाही. पसंत पडलं तर आपण उत्तर द्यायचं, नाही तर विषय संपला. कोणी दारात येऊन उभं राहणार नाही. या सोयीचे वेगळे पैसे पडायचे आणि आमचे बाबा पैशाला घट्ट, तरी त्यांनी ते मोजले. मुलीचं नाव चार ठिकाणी चर्चेला जाऊ नये, एवढंच कारण. लग्न जमलं, बॉक्स बंद.

पण एक गोष्ट तेव्हा कोणाच्या डोक्यात आली नाही. कुठल्या नंबरमागे कुठलं घर, हे कचेरीतल्या कारकुनाच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. आमची सगळी गुप्तता त्याच्या खणात.

पत्ता लपवायची ही कमजोर जागा फार जुनी आहे, आणि कधी कधी ती जिवावर बेतलेली आहे. १९४२ घ्या. चले जावच्या दिवसांत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टच्या शेवटी सुरू झाला. ऐकणाऱ्याला माहीत असायची फक्त लहर, ४२.३४ मीटर. हिंदुस्थानात कुठून तरी बोलतोय, एवढंच सांगायचे. जागा सारखी बदलायची : चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी. पोलीस माग काढत होते, तरी जवळजवळ तीन महिने निघाले. १२ नोव्हेंबरला छापा पडला, तो त्यांच्याच कामातल्या एका तंत्रज्ञाने जागा सांगितल्यावर. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच महिन्यांत आपल्या डोंगरात भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. त्यांचाही ठावठिकाणा शेवटी फितुरीनेच कळला. २ जानेवारी १९४३, सिद्धगड. भाई आणि हिराजी पाटील तिथेच गेले. माझ्या गुडघ्याच्या तेलाची त्याच्याशी बरोबरी करत नाहीये, कोणी तसा अर्थ काढू नका. पण ठिकाण ज्याला माहीत, त्याच्याकडूनच ते फुटतं, हे दोन्हीकडे दिसतं.

इंटरनेटवरही हेच झालं. १९९३ मध्ये फिनलंडच्या योहान हेलसिंगियस नावाच्या माणसाने एक सेवा काढली. पत्र त्याच्या कॉम्प्युटरवर पाठवायचं, तो नाव पुसून एक नंबर लावून पुढे ढकलायचा. उत्तर त्याच वाटेने परत. म्हणजे आपला बॉक्स नंबरच! पण रजिस्टर त्याच्याकडे. १९९५ मध्ये एका संस्थेच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एका वापरणाऱ्याचा खरा पत्ता त्याला द्यावा लागला. १९९६ मध्ये त्याने स्वतःच दुकान बंद केलं.

२००३ मध्ये मेलिनेटर आलं. त्याने रजिस्टरच काढून टाकलं. मनात येईल ते नाव घ्या, त्या नावाची पेटी तयार, पासवर्ड नाही. गोम अशी की तेच नाव दुसऱ्याने टाकलं तर तुमची पत्रं तोही वाचणार. मग दहा मिनिटांत आपोआप मिटणाऱ्या पेट्या निघाल्या. अलीकडे फायरफॉक्स रिले किंवा ॲपलची ईमेल लपवायची सोय आहे : ते एक भलताच पत्ता देतात, तिथे आलेली पत्रं तुमच्या खऱ्या पेटीत येतात, त्रास झाला की तो पत्ता बंद करायचा. रोजच्या वापराला मला हेच बरं वाटतं. कारकून इथेही आहेच, फक्त तो प्लॉटवाला नाही.

जीमेलवाल्यांसाठी एक फुकटची युक्ती. आपल्या नावानंतर अधिक चिन्ह आणि एक शब्द जोडायचा, उदाहरणार्थ 'प्लॉट'. पत्र तुमच्याकडेच येतं, पण कोणी तुमचा पत्ता पुढे विकला ते कळतं. लपत मात्र काही नाही, चिन्ह काढलं की खरा पत्ता समोर.

आणि कृपा करून बँक, पीएफ, रेल्वे तिकीट, वीजबिल, शाळा-कॉलेज इथे टाकाऊ पत्ता देऊ नका. शेजारच्या मुलाने स्कॉलरशिपचा फॉर्म दहा मिनिटांच्या ईमेलवर भरला. तीन महिन्यांनी पासवर्ड विसरला. नवीन पासवर्डची लिंक जिथे गेली ती पेटी केव्हाच मिटलेली. वर्ष गेलं बिचाऱ्याचं.

आता आपल्या गावचं. नेत्रतपासणी शिबिर असो की मॅरेथॉन, हल्ली प्रत्येक फॉर्मवर ईमेल आणि मोबाईल भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. त्यात लिहिलंय की सांगितलेल्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. मग डोळे तपासायला ईमेल कशाला? पुढच्या शिबिरात मी हे विचारणार आहे. तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते कळवा.

ताईच्या जाहिरातीचं कात्रण आईच्या ट्रंकेत असणार. सापडलं तर इथे टाकतो.